एक नंबरच्या गाठीवरचं कुंकू

"हे लाल काय आहे?" व्हिएतनामहून आलेल्या लान मॅडमनी गाठीकडे बोट दाखवत इंग्रजीत विचारलं.

हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये मी क्वालिटी इन्चार्ज. कापसातून सरकी वेगळी काढणं म्हणजे जिनिंग. उरलेली रुई दाबून बांधली की झाली गाठ. लान मॅडम त्यांच्या सूतगिरणीसाठी आमचा पहिला लॉट तपासायला आल्या होत्या. पास झाला तर हंगामभराची ऑर्डर. नाही तर इथल्या गिरण्यांची खरेदी भागली की संक्रांतीलाच आमच्या मशिनी बंद. कापूस निवडणाऱ्या बायांच्या मुकादम सुलोचनाबाईंनी सकाळीच बजावलं होतं, "मॅडम, या पाहुणीले खूश करा बाप्पा! नाई त आमी साऱ्याजणी घरी बसतो."

परदेशी गिऱ्हाईक एकाच गोष्टीला भितं. कंटॅमिनेशन. म्हणजे रुईत केस, सुतळी, खताच्या पोत्याचा धागा, रंग, काहीही परकं. तेवढ्यानं अख्खं कापड बाद होतं. त्यापायी मी हंगाम सुरू झाल्यापासून बोंबलत होते. बायांच्या डोक्याला पांढरी फडकी बांधायला लावली. कापूस आणणाऱ्या एका ड्रायव्हरच्या आरशाचा लाल गोंडासुद्धा सोडला नाही.

आणि आता एक नंबरच्या गाठीत बोटभर लाल डाग!

आमचे मालक शेठजी माझ्याकडे बघत होते आणि मी जमिनीकडे. गुन्हेगार मीच होते ना! हंगामाच्या मुहूर्ताला आमच्याकडे पहिल्या गाठीची पूजा होते. शेठजी म्हणाले होते, "मॅडम, यंदा तुमच्या हातानं होऊन जाऊ द्या." मी गाठीवर ओल्या कुंकवानं स्वस्तिक काढलं, वर नारळ फोडला. पाणी कुंकवाला घेऊन कव्हरच्या कापडातून आत झिरपलं. गाठ थप्पीत गेली आणि मी विसरून गेले.

शेठजी कुजबुजले, "गाठ बांधायच्या लोखंडी पट्टीचा गंज आहे म्हणून सांगून द्या ना."

मी म्हटलं, "शेठजी, पट्ट्या त साऱ्याच गाठींले आहेत! मंग सारा लॉटच जाईन."

मी खरं तेच सांगितलं. "हे कुंकू आहे, मीच लावलेलं. माल ज्याच्या घरी जाईल त्याचं भलं व्हावं म्हणून आम्ही पहिली गाठ पुजतो."

लान मॅडमनी डागावरून बोट फिरवलं. मग हसल्या. "आमच्याकडे नवीन मशीन आलं की आम्ही उदबत्ती लावतो."

हुश्श! पण बाईंनी लगेच पेन काढला. "एक नंबर रिजेक्ट. आता बाकीच्या उघडा."

संध्याकाळपर्यंत त्यांनी स्वतः निवडून गाठी उघडल्या. एक केसही सापडला नाही. सुलोचनाबाई दारातूनच ओरडल्या, "झालं का पास?" मी मान डोलावली. बायांनी असा गलका केला की मलाच रडू आलं.

होळी उलटली तरी दोन शिफ्ट चालू आहेत. स्वच्छ कापूस आणणाऱ्याला शेठजी चढा भाव देतात. गेटवरच्या चहावाल्यानं दुसरी शेगडी घेतली. निर्यातीनं राज्याचं भलं होतं असं पेपरात वाचते. आमच्या गेटवर ते असं दिसतं.

रिजेक्ट गाठीच्या गाद्या भरून बायांना वाटल्या. सुलोचनाबाई म्हणतात, "आशीर्वाद व्हिएतनामले चालला होता, आमच्या घरीच राह्यला!"

पूजा काही आम्ही सोडली नाही. आता ती कंटेनरच्या दाराची होते, बाहेरून. नारळ शेठजी फोडतात. फडकं घेऊन मी उभी असते.