तेकाबूमामाची जहाजावरची जागा

तेकाबूमामा माझ्या आईचा चुलतभाऊ. तरावा बेटावर, बेटिओ गावात, आमच्या घरामागेच त्याचं घर आहे, मोठ्या भरतीचं पाणी जिथवर येतं त्याच्या जरा अलीकडे. सगळं तारुण्य त्याने मालवाहू जहाजांच्या डेकवर काढलं. सांतोस, बुसान, डर्बन ही नावं तो शेजारच्या गावांसारखी घ्यायचा. पण "मामा, बुसान कसं आहे?" असं विचारलं तर म्हणायचा, "क्रेन चांगल्या आहेत." जहाज लागायचं, कंटेनर उतरायचे, चढायचे आणि जहाज सुटायचं. धक्क्याबाहेर पाऊल टाकायला सवड मिळत नसे.

आमच्याकडे मात्र महिन्याला एक लहानसं जहाज येतं. ते रखडलं की दुकानांत तांदूळ नसतो. एकदा आरोइतामामीने त्याला फोनवर सांगितलं, "घरातलं पीठ संपलंय." तो म्हणाला, "माझ्या पायाखाली कंटेनर भरभरून पीठ आहे गं, पण ते मोंबासाला चाललंय." ही गोष्ट सांगताना मामा दर वेळी हसायचा. मामी एकदाही हसलेली मला आठवत नाही.

साथीच्या काळात आमच्या सीमा बंद झाल्या, तेव्हा तो बाहेरच अडकला. परत आला तो वाळून. त्यानंतर कंपनीकडून बोलावणंच येईना. सकाळ-संध्याकाळ माडावर चढून तो माडी उतरवायचा आणि वरून गाणी म्हणायचा. लोकांना वाटायचं, सुखात आहे. मामी म्हणायची, "वरून धक्का दिसतो ना, म्हणून चढतो."

मग कंपनीचा एक माणूस आला. मानेआबात, म्हणजे गावाच्या सभाघरात, सगळं गाव जमलं. तो पडद्यावर जगाचा नकाशा दाखवत म्हणाला, "जिथे अर्थव्यवस्था वाढतायत, तिथे आमच्या ग्राहकांना पोचवायचंय. नवे मार्ग, नवी बंदरं, मोठी जहाजं." एका म्हाताऱ्याने विचारलं, "त्या मार्गावर तरावा आहे का?" तो माणूस हसून म्हणाला, "तरावा नाही, पण तरावाची माणसं आहेत." आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी जरा जास्तच वाजवल्या, कारण माझ्या मोठ्या मुलीने, रोतियाने, त्याच वर्षी नाविक शाळेत नाव घातलं होतं. मग कोणीतरी विचारलं, किती जणांना घेणार? तो म्हणाला, मोठ्या जहाजाला माणसं कमी लागतात, तोच तर त्यातला फायदा. या वेळी टाळ्या वाजल्या नाहीत.

तरी मामाला बोलावणं आलं. कंपनीच्या इथल्या कचेरीतली तेरेंगाइती स्वतः निरोप घेऊन आली. मामाची पन्नाशी तोंडावर आली होती, आणि पन्नाशीनंतर नवीन करार मिळत नाही. म्हणजे ही शेवटचीच फेरी. त्याने भात सोडला, गोड चहा सोडला, कंपनीच्या डॉक्टरी तपासणीत रक्तातली साखर कशीबशी मर्यादेत उतरवली. मामीने त्याचे जाड मोजे धुऊन कुंपणावर वाळत घातले.

त्याच संध्याकाळी मामीचा धाकटा भाऊ उरियाम आला. मी तिथेच नारळ खोवत बसले होते. तोही खलाशीच, आणि बोलावण्याच्या क्रमात मामाच्या मागोमाग त्याचा नंबर होता. येऊन घरासमोरच्या बसायच्या मचाणाच्या कडेला मांडी घालून बसला.

"दाजी, तब्येत काय म्हणते?"

"साखर उतरलीय. सगळी तुझ्या जिभेवर गेलेली दिसते."

उरियाम हसला आणि मग त्याने डोक्यावरची टोपी काढली. कुंपणावरचे मोजे काढणाऱ्या मामीचा हात थांबला.

"दाजी, मी बुबुती घेऊन आलोय, मागणं आहे."

"जाळं हवंय? घेऊन जा."

"जाळं नको."

"मग मोटरसायकल ने. ढकलत न्यावी लागेल, एवढंच."

"दाजी, तुमची जहाजावरची जागा द्या. तुम्ही माघार घेतलीत की माझा नंबर लागतो. तुमची पोरं हाताशी आली. माझं धाकटं अजून अंगावर पितंय."

"उरियाम!" मामी ओरडली. "लाज वाटत नाही? बहिणीच्या ताटातलं उचलतोस?"

"ताई, मी तुझ्याकडे मागत नाहीये."

खरं होतं. मागणं मामाकडे होतं, आणि नात्यातल्या माणसाने बुबुती म्हणून तोंड उघडलं की आमच्यात नाही म्हणत नाहीत. हल्ली काही जण म्हणतात. वस्तू लपवतात, घरात नाही असं सांगायला पोरांना पाठवतात. मामाही काही म्हणू शकला असता. मी मनात देवाचा धावा करत होते, की याला काहीतरी खोटं बोलू दे.

मामा म्हणाला, "घे."

सकाळी दोघं कचेरीत गेले. पूर्वीचा साहेब इथेच राहून म्हातारा झालेला होता. असं काही झालं की तो स्वतःच नावं बदलून टाकायचा आणि वर चहा पाजायचा. आता प्रत्येक गोष्ट हजारो मैलांवरून ठरते. तेरेंगाइतीने मामाला हळूच सांगितलं, "मामा, हे वर कळवायला लावू नका. घरी जा आणि त्याला नाही म्हणा."

"दिलेली वस्तू परत कशी घेऊ?"

"वस्तू आहे का ती?"

उरियाम दारात खाली बघत उभा होता. त्याने एक शब्द काढला असता, तरी पुरे होता.

शेवटी तिने कळवलं. उत्तर यायला वेळ लागला नाही. वाचून ती म्हणाली, "दोघांनाही नाही." कंपनीचं म्हणणं, जागा ही माणसाची मालमत्ता नाही, ती कोणी कोणाला देऊ शकत नाही. आणि ऐन वेळी मागे फिरणाऱ्यांच्या भरवशावर नवे मार्ग चालवता येत नाहीत. त्या जागी दुसऱ्या देशातला माणूस चढलासुद्धा. मामाने माघार घेतली म्हणून त्याचं नाव गेलं, आणि त्याच्यासोबत उभा राहिला म्हणून उरियामचंही. त्यानंतर आमच्या बेटावरून त्यांनी कोणालाच बोलावलेलं नाही. रोतिया रोज शाळेत जाते, दोरांच्या गाठी शिकते. तिला काय सांगू?

मामाला पन्नास वर्षं पूर्ण झाली. तो आता माडावर चढत नाही. गुडघे दुखतात म्हणतो.

उरियाम पहाटे जाळं टाकून येतो आणि निवडून काढलेले मासे बहिणीच्या दारात ठेवतो. मामा ते घेतो, "बस, चहा पी" म्हणतो. मामी मासे भाजते, मामाला आणि पोरांना वाढते. स्वतः मात्र कोरडा भात खाते.