न वाचता केलेली सही

मामांनी शाईचं पॅड माझ्यापुढं सरकवलं. म्हणाले, "अंगठा दे. खानापूरकडच्या बायकांना पेन कशाला?"

सासू हसली. नवरा मोबाईलमधनं मान वर न काढता हसला. माझे आप्पा शेजारी बसलेले. त्यांनी टोपी काढून मांडीवर घेतली आणि तिच्याकडंच बघत बसले.

हे मामा म्हणजे नवऱ्याचे मामा, बेळगावातले मोठे वकील. घटस्फोटाचा अर्ज त्यांनीच लिहिलेला. माझ्या बाजूनं उभा राहणार तो वकीलही त्यांच्याच हाताखालचा. "घरातल्या घरात मिटवू," म्हणाले. आम्हाला बरं वाटलं. केवढे खुळे आम्ही!

मला त्या घरात परत नांदायचं नव्हतंच. माझी अट एकच होती. माझी ओवी, चार वर्षांची, माझ्याजवळ राहणार. दागिने नकोत, भांडी नकोत.

"लिहिलंय की सगळं," मामा म्हणाले. "वाचून घे. येतंय न्हवं वाचायला?"

कागद कन्नडात.

मी बी.ए. हाय. पण शाळा-कॉलेज सगळं आजोळी, चंदगडला, सीमेच्या पलीकडं महाराष्ट्रात, मराठीतनं. कन्नड बोलते फडाफडा. बेळगावात साडीच्या दुकानात दिवसभर उभी असते, निम्मी गिऱ्हाइकं कन्नड. पण लिहिलेलं एक अक्षर कळत न्हाय. आमच्या भागात असल्या लई जणी सापडतील.

"न्हाय येत." एवढंच म्हणायचं होतं. पण त्या पॅडकडं बघितलं आणि अंगाची लाही लाही झाली. पेन उचललं. ओळीवरनं बोट फिरवलं. मधेच थांबले. मान हलवली. पान उलटलं. चार पानं असं वाचायचं नाटक केलं आणि झोकात सही ठोकली. पोरीनं वाचलंय म्हणून आप्पांनी साक्षीदाराची सही केली.

खोटं कशाला बोलू? सही करताना मला जिंकल्यासारखं वाटलं होतं. त्याचा राग अजून जात न्हाय.

उठताना आप्पांनी झेरॉक्स मागितली. "घ्या की पाव्हणं," मामा म्हणाले. "चुलीला उपयोगी पडंल."

कोर्टाच्या पहिल्या तारखेला जजसाहेबांनी विचारलं, मान्य हाय काय? मी "हौदु", म्हणजे हो, म्हटलं. दुसरी तारीख सहा महिन्यांनी. तेव्हा परत एकदा "हौदु" म्हणायचं की सुटलो, असं मामांनी समजावलं.

त्यानंतर सगळे लई गोड झाले. ज्या माणसानं माझ्या अंगावर जेवणाचं ताट भिरकावलं होतं, तो दर शनिवारी आप्पांच्या दारात येऊन "बरी हाईस न्हवं?" विचारायला लागला. ओवीला घेऊन जायचा, रविवारी वेळेवर आणून सोडायचा. कधी तक्रार न्हाय. मला मात्र धास्ती वाटायची. गोड बोलून काटा काढणारी माणसं मी त्या घरात पाच वर्षं बघितली होती.

एका रविवारी ओवी म्हणाली, "मम्मी, आजीनं मला दप्तर आणलंय. तिथल्या शाळेचं. तुला सांगू नको म्हणाली."

पुढच्या रविवारी, "पप्पांनी माझं फोटो काढलं. शाळेत द्यायचं हाईत."

आणि त्याच्या पुढच्या रविवारी, जेवता जेवता, "तू मला भेटायला येणार न्हाईस व्हय गं?"

हातातला घास मी ताटात परत ठेवला.

कपाटातनं झेरॉक्स काढली. पण वाचायला कुणाला देऊ? गावात बी.ए. म्हणून मिरवलेली बाई मी. न वाचता सही केली हे कुठल्या तोंडानं सांगू? शेवटी ओवीची अंकलिपी घेतली. अंगणवाडीत त्यांना कन्नड अक्षरं शिकवत होते. दुकानातनं आले की आम्ही दोघी पायरीवर बसायचो. "मम्मी, हे म. हे ग." चार वर्षांची पोर माझी मास्तरीण. चुकलं की हातावर फूटपट्टी मारायची आणि खिदळायची. आई काय वाचायला धडपडतेय, तिला काय ठाऊक!

पहिला शब्द लागला तो मगु. म्हणजे लेकरू. मग तंदे. म्हणजे बाप. रोज तोंडात असलेले शब्द, पण कागदावर दिसले की काळजात धस्स व्हायचं. अक्षराखाली लोंबणारी जोडाक्षरं काही केल्या सुटेनात. त्यात दोन महिने गेले. मग एका संध्याकाळी एक ओळ सलग लागली. मी मोठ्यानं वाचली.

लेकरू बापाच्या ताब्यात. आईला भेटायचा हक्क न्हाय.

"बरोबर वाचलंस!" ओवीनं टाळ्या वाजवल्या.

मी तिला पोटाशी धरलं ते सोडवेना. ती म्हणाली, "मम्मी, दुखतंय."

आप्पांना सांगितलं. "आप्पा, मी त्या दिवशी वाचलंच नव्हतं. लाज वाटली."

आप्पा म्हणाले, "लाजंपायी पोर घालवून बसली असतीस की गं." आणि टॉवेलानं डोळं पुसलं. माझ्या बापाला मी पहिल्यांदा रडताना बघितलं.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. ही म्हण ज्याच्या घरात वकील हाय त्यानंच केली असणार. मी दुसऱ्या दिवशी चढले. कोर्टात मोफत सल्ल्याची खोली असते, तिथं एक वकीलबाई बसल्या होत्या. त्यांनी चारी पानं वाचली. म्हणाल्या, "दुसऱ्या तारखेला संमती मागं घेता येते. पाच वर्षांच्या आतलं मूल शक्यतो आईकडंच ठेवतात. आणि आईबापानं काहीही लिहून दिलं तरी कोर्ट मुलाचं भलं बघतं."

"हे मला आधी कुणी का न्हाय सांगितलं?"

"कोण सांगणार? तुम्ही सल्ला त्यांच्याच वकिलाचा घेतलात."

दुसऱ्या तारखेला नवरा "हौदु" म्हणाला. साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी न्हाय म्हणाले, तेही कन्नडातच. "इल्ला. सही केली तेव्हा हा कागद मी वाचला नव्हता. आता वाचलाय. मला मान्य न्हाय."

साहेबांनी लिहून घेतलं. अर्ज तिथंच अडला. मामा बाहेर जिन्यात मला गाठून हळू आवाजात म्हणाले, "वर्षानुवर्षं झुलवीन तुला. साक्षीत अब्रूची लक्तरं करीन. आणि पोरगी एकदा आमच्या उंबऱ्यात आली की परत दिसणार न्हाय, ध्यानात ठेव."

भ्याले. लई भ्याले. ती धमकी पोकळ न्हाय हे मला माहीत हाय. ओवीच्या ताब्यासाठी माझा स्वतःचा अर्ज वकीलबाईंनी आता लिहायला घेतलाय. त्याचा निकाल कुणाच्या बाजूनं लागंल, कुणी सांगावं?

शनिवारी नवरा आला. गाडी चालूच ठेवलेली. मागं सासू बसलेली, हातात ओवीचं नवं दप्तर. ओवी आत आप्पांजवळ होती. मी दार ओढून घेतलं आणि बाहेर उंबऱ्यावर उभी राहिले.

"पोरगीला पाठव," तो म्हणाला.

"कोर्टाचा हुकूम आण," मी म्हणाले. "कन्नडात आण, इंग्रजीत आण. मी सगळा वाचीन. तोपर्यंत ती या दारातनं हलणार न्हाय."