बशीरचाचा आन् डाव्या पेटीची तडतड

ढाणकीच्या बजारात बशीरचाचाचं दुकान हाय. अर्ध्यात त्याची पोरगी अफरोज मोबाईल सुधरवते, अर्ध्यात हा जुने रेडिओ उघडून बसते. चालू मशीनीत काम करताना तेचा डावा हात सदऱ्याच्या खिशात राह्यते. जवानीत एकदा दोन्ही हात घातले, तं करंट या हातातून त्या हातात छातीवरून गेला, आन् चाचा भिंतीवर जाऊन आदळला. तवापासून तेचा नेम झाला. एक हात कामाचा, एक हात जिवाचा.

तांड्यावरच्या चंदाबाईजवळ एक जुना सेट हाय. काचेच्या व्हॉल्व्हचा, रेडिओ त्यातच, आवाजाच्या दोन पेट्या अलग. तिचा नवरा हरिसिंग कापसाच्या जिनिंगच्या मालकाची गाडी चालवे. जिनिंग बंद पडली तवा मालकानं सेट हरिसिंगले देल्ला. हरिसिंग गेला, सेट राह्यला. चंदाबाई सकायी आंधी सेट लावे, मंग चहा ठेवे.

मागच्या साली एक व्हॉल्व्ह मेला, म्हणून सेट पह्यल्यांदा घराबाहीर निंगाला. चाचानं तो बदलून देल्ला. आठ दिवसात डाव्या पेटीतून तडतड, फुटाणे फुटल्यावानी. चाचानं कंडेन्सर बदलला. दुकानात दोन दिवस वाजवला, आवाज साफ. घरी गेला, पुन्हा तडतड. मंग आवाजाचं बटन खोलून धुतलं. तरी तेच. तांड्यात लोक म्हणू लागले, बशीर बुढा झाला, तेले आता आयकू येत नाई. चाचा अफरोजले बोल्ला, "अजून एक डाव वापस आला तं माहा हात गेला समज. मी दुकानात बसनं सोडतो."

आन् सेट आला. चंदाबाईच्या पोरानं, भारतनं, टेबलावर आनून ठेवला.

"चाचा, चौथी खेप हाय."

"मले मोजता येते, बापू."

"परवा धूर निंगाला तेच्यातून. याडी, माही माय, आयकत नाई, पन घर जळन एखांद्या दिवशी. आज माह्यासमोर करा. नाई निंगाली तडतड तं मी भंगारात देतो."

चाचानं मागचं फळकूट काढलं, बटन दाबलं आन् डावा हात खिशात घातला. आत तीनशे व्होल्ट.

पाच मिनिटं आवाज साफ. भारत मोबाईलमधी टाइम पाहे. दहा मिनिटं झाले, सेट तापला, आन् डाव्या पेटीतून एक तड. मंग तडतड तडतड.

चाचानं सेट बंद केला. डाव्या बाजूचे व्हॉल्व्ह उजवीकडे बसवले, उजवीकडचे डावीकडे. "बिमारी व्हॉल्व्हची असन तं आता उजवी पेटी तडतडन."

पुन्हा दहा मिनिटं. तडतड आली ते डावीकडूनच.

आवाजाचं बटन पार बंद केलं, तरी तडतड चालूच. म्हंजे बटनाच्या पल्याडची गोष्ट, शेवटच्या व्हॉल्व्हजवळची. पेन्सिलीच्या लाकडानं कथलाचा एकेक टाका ठोकून पाह्यला. टाके पक्के. आता दोन बोटं जागा उरली व्हती, आन् तिथं चाचानं तीन खेपा पाह्यलं व्हतं.

भारत उठला. "राहू द्या चाचा. उमर झाली तुमची."

"बस खाली. अफरोज, शटर पाड."

भर दुपारी दुकानात अंधार. व्हॉल्व्ह निखाऱ्यावानी लाल. चाचा वाकला, अजून वाकला.

"अब्बा, डोळा मांगं घ्या. अब्बा."

चाचा हालला नाई. व्हॉल्व्हच्या बुडाखाली, जिथं तेचे पाय कत्थ्या रंगाच्या सॉकेटात बसते, तिथं दोन पायांमधी निळी धाग्याएवढी ठिणगी पळाली. पेटी तडतडली. पुन्हा ठिणगी, पुन्हा तडतड.

चाचानं सेट बंद केला, तार लावून कंडेन्सरातला करंट उतरवला, व्हॉल्व्ह उपटला. सॉकेटवरचा मैल तो आजलोक जुनेपनाचा समजे. सुईनं खरवडला आन् बोटावर चोळला. बोट लाल झालं.

"भारत, हे काय हाय?"

भारतनं बोट पाह्यलं आन् खाली मान घातली. "याडी लावते. घर सोडून गेलेलं मानूस वापस आलं का ओवाळा लागते म्हन्ते. दर खेपी वरच्या जाळीले पाच बोटं कुकू लावते, वरून पानी शिंपडते."

अफरोज हासली. चाचा नाई हासला. तेनं स्पिरिट घेतलं, सॉकेट धुतलं, पान्यासंगं उतरलेल्या कुकवानं जळलेली रेघ पुरी खरवडली. दोन घंटे वाजवला, एक तड नाई. पन दुरुस्त केल्यावर दुकानात तं तो पह्यलेबी साफच वाजे.

म्हणून चाचा सेट मांडीवर घेऊन ऑटोत बसला आन् तांड्यावर गेला. चंदाबाई दारात ताट घेऊन उभीच व्हती. तिनं बोट कुकवात बुडवलं. चाचानं डावा हात जाळीवर ठेवला.

"बशीरभाऊ, हात काढा."

"आंधी आयका, बाई."

तिनं सारं आयकलं. तोंड उतरलं तिचं. "म्हंजे मीच बिमार पाडला तेले?"

"तुम्ही मान देल्ला. पन तेची टाळू उघडी हाय, मान आत उतरते."

"मंग ओवाळूच नोको?"

"पायाले लावा. लाकडाचे हायेत. पानी नोको."

चंदाबाईनं लाल बोट जाळीवर तसंच धरलं व्हतं, लय येळ. मंग ते खाली आलं, आन् लाकडाच्या चारी पायाले एकेक टिकली लागली.

आठ दिवस चाचानं अफरोजले फोन करू देल्ला नाई. नवव्या दिवशी भारत दुकानासमोर उभा. चाचानं पह्यले तेचे हात पाह्यले. रिकामे व्हते.

"साफ वाजून राह्यला, चाचा. याडीनं एक विचारलं, मिक्सरले कुकू चालते का?"

"चालते," चाचा म्हणे, "झाकन लावून." आन् बाजूचा रेडिओ वढून तेचे पेच खोलू लागला.