नबीलाल मणेराचा दाखला

मुळा खोऱ्यातल्या समद्या बायांच्या हाताचं माप नबीलाल मणेराला तोंडपाठ व्हतं. खांद्यावर बांगड्यांच्या माळा टाकून हा आमचा पौडचा गडी पार भुकूमपातुर फिरायचा. माज्या तिन्ही लेकींचे चुडे त्यानंच भरले. मी हैबतराव, गावचा पोलीस पाटील. त्या गरिबाचं वाटोळं माज्या हातानं झालं, हे आदीच सांगून टाकतो. मागाहून कुनी तोंड वाकडं करू नगा.

बावन्न साली त्याची लेक फहमिदा कराचीत बाळंतपणात लई आजारली. जावई तितं गोदीत कामाला. नबीलाल परमिट काढून गेला. लेक काय वाचली न्हाई. तिला माती दिऊन हा निघाला, तर परमिटाची मुदत सरलेली, आन् दोन्ही देशांत पासपोर्टाचा नवा कायदा आलेला. तितला एक कारकून म्हनला, आमचा पासपोर्ट घे, आठ दिसांत घरी जाशील. घरी, एवढंच ह्याला ऐकू आलं. दिला अंगठा उठवून. त्याला वाटलं, यष्टीच्या तिकिटावानी कायतरी आसंल.

घरी आला तो पाकिस्तानी हून. मुक्कामाची परवानगी तीन म्हैन्यांची. मंग ठाण्यात हजेरी आन् मुदतवाढीचे अर्ज. फौजदाराच्या बायकोला बांगड्या ह्यानंच भरायच्या, आन् फौजदारानं ह्याला 'परदेशी इसम' म्हनून लिवून घ्यायचं. सत्तावन्न साली हुकूम आला. देश सोडा, न्हाईतर हितलेच हाय ह्याचा पुरावा आना. पुरावा कुटला आननार? जल्मगाव मुळशीच्या धरणात बुडालेलं.

मंग मी शाना झालो. चावडीवर बसून दाखला लिवला: सदर इसम जन्मापासून मुळशीतच राहतो, तालुक्याबाहेर कधीही गेलेला नाही. आमची रीतच ती. आपल्या मानसाचा दाखला लिवताना हात आखडता घेयाचा न्हाई. पोरीचं वय आसो, बांधाचं भांडान आसो, आमी आसंच लिवत आलो. खाली साठ बायांचे अंगठे घेतले. गोजराबाई तर म्हनली, आजून कुटं उठवायचा आसंल तर सांगा. नबीलाल तेवढा चुळबुळत व्हता.

"पाटील, मी गेल्तो की."

"गप बस. सरकारी कागदाला खरं सोसत न्हाई."

पुण्याच्या कचेरीत साहेबानं एका हातात माजा दाखला धरला, दुसऱ्या हातात तो पासपोर्ट. कराचीचा शिक्का माज्या नाकापुढं आनला. म्हनला, तुमचं हे खोटं, मग ते साठ अंगठे खरे कशावरून? लेक मरनाला टेकली म्हनून गेला, एवढं खरं लिहिलं असतं तर मी कागद वर पाठवला असता. मला मेल्याहून मेल्यावानी झालं.

पंधरा दिसांनी दोन शिपाई त्याला घिऊन गेले. जायच्या आदी त्यानं बायकोच्या, बीबीजानच्या, दोन्ही हातांत डझन डझन बांगड्या भरल्या. मला नेमीवानी रामराम घातला. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्याला नऊ वर्सं झाली. आदी कराचीवरनं पत्र यायचं, पासष्टच्या लढाईपास्नं ते बी बंद. हाय का गेला, ठावं न्हाई. बीबीजान दुसऱ्या कुना मणेराकडनं बांगड्या भरून घेत न्हाई. येकेक वाढत गेली. आता डाव्या हातात दोनच उरल्यात.

परवा ती माज्या दारात आली. त्याच्याकडं जायाला तिला पासपोर्ट पायजे. आता कोन देतंय? तरी मी दौत उघडली, कागद घेतला. ती उंबऱ्याबाहेरच बसली आन् म्हनली, "पाटील, ह्या खेपेला खरं लिवा."

जे झालं ते समदं लिवलं. माजं खोटं सुदिक लिवलं. शेवटाला इचारलं, नवऱ्याचं गाव कोन्तं घालू?

"पौड," ती म्हनली. "खरं लिवा म्हनलं ना."