नेटची वायर काढलेला कॉम्प्युटर

मंडळी, आज पुरती अडकले.

कसबा पेठेत मी मराठी पुस्तकांचं डीटीपी करते. सकाळी स्क्रीनवर सूचना आली, या सिस्टीमचा सपोर्ट संपला. खराडीत आयटीत असलेल्या भाच्याला फोन लावला.

"मावशी, नवीन सिस्टीम टाक."

"माझं मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर चालेल त्यावर?"

"नाही गं. ते बनवणारेच राहिले नाहीत. त्यातल्या जुन्या फाइली उघडणारच नाहीत, पुस्तकं परत टाइप करावी लागतील."

"वा! कधी येतोस टाइप करायला?"

"मग जुनीच ठेव, पण नेट काढ. व्हायरस शिरेल."

काढलं. दुपारी प्रूफं घेऊन उन्हात लेखकाच्या घरी गेले. ते म्हणाले, "अहो, मेल नाही का करायचं?"

आता कॉम्प्युटरला नेटवर जाता येत नाही, आणि मला त्याला सोडता येत नाही. असं आणखी कोणी अडकलंय, की मी एकटीच?