छत्री घ्यायला आलेली बाई

"पण तुला काय करायचंय तिथे येऊन?"

"पिक्चर बघायचाय."

"आजवर कधी आलीस का? दर वर्षी तुझ्यासाठी पास मागून आणतो, दर वर्षी म्हणतेस, त्या रिकामटेकड्यांत मला नेऊ नका. आणि आज नेमकं..."

"आज नेमका माझा पिक्चर आहे."

साक्षीदारांचा बूट पुसणारा हात थांबला. बूट तसाच हातात धरून त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती कपाटापुढे उभी राहून बाहेर जायची पर्स झटकत होती.

"तुझा म्हणजे?"

"म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे. फडकं त्या उशीवर टाकू नका, आत्ताच अभ्रा बदललाय."

मग साक्षीदारांनी समजुतीचा सूर लावला. कंटाळशील. पिक्चर संपला की भाषणं असतात, प्रश्नोत्तरं असतात, बसून पाठ धरेल. शिवाय पुढच्या रांगेत राखीव खुर्ची एकच आहे, तीही आयत्या वेळी मिळालेली. त्यावर ती म्हणाली, मी मागे बसेन, लांबचं मला अजून स्वच्छ दिसतं. त्यांनी दुसरा बूट पुसायला घेतला, तोही आधीच पुसलेला होता.

या बाईला त्यांच्या गल्लीत सगळे चष्मेवाली म्हणत. भावाच्या चष्म्याच्या दुकानात ती लग्नाआधीपासून गल्ल्याशेजारच्या स्टुलावर बसत आलेली. समोरच्याच्या नाकावर फ्रेम ठेवायची, कानामागची काडी वाकवायची आणि तेवढ्या वेळात माणूस ओळखायचा, हा तिचा धंदा. जुन्या सिनेमांचा तो महोत्सव जवळ आला की दुकानात एक वेगळंच गिऱ्हाईक येई. जाड काळी गोल फ्रेम हवी, नंबर नको, नुसती काच बसवा. भाऊ खुशीत असे. ही मात्र काच पुसता पुसता म्हणे, "डोळे ठणठणीत आहेत हो दादा यांचे. नजर तेवढी नाही."

महोत्सव म्हणजे तरी काय? शहरातलं एक जुनं थिएटर, ज्यात वर्षभर कुत्रं फिरकत नाही, ते आठवडाभर धुऊनपुसून उघडायचं. कुठल्या तरी गोदामात सडलेले सिनेमे आणायचे, यंत्रावर घालून त्यांचे ओरखडे काढायचे, डाग काढायचे आणि मग पडद्यावर दाखवून, पाहा कसे नवेकोरे झाले, म्हणून स्वतःच टाळ्या वाजवायच्या. सिनेमे पडून सडत होते तेव्हा यांच्यातला एकही तिकीट काढून गेलेला नसायचा. आता मात्र रांगेत उभं राहून एकमेकांना विचारायचं, तुम्ही जुनी प्रत पाहिलीय की फक्त ही? पाहिली नाही म्हणणारा अर्धा इंच बुटका व्हायचा. चष्मेवाली नवऱ्याला एकदाच न्यायला गेली होती, पाऊण तास त्या रांगेजवळ उभी राहिली, आणि तेव्हापासून तिने त्या रस्त्याचं नाव टाकलं.

या मंडळींत साक्षीदारांचा मान मोठा. नोकरी होती विम्याच्या कचेरीत. कुणाचं गोदाम जळलं, कुणाची गाडी आपटली, की हे विचारणार, पाहिलं कुणी? साक्षीदार आणा. आयुष्यभर दुसऱ्यांच्या दाव्यांना साक्षीदार मागणारा हा माणूस स्वतः एक दावा करून बसला होता आणि त्याला मात्र कुणी काही विचारलं नाही. दावा असा, की तो घड्याळजीचा सिनेमा, ज्याच्या सगळ्या प्रती नष्ट झाल्यात असं सगळे धरून चालले होते, तो मी पाहिलाय. लहानपणी, मामाच्या गावी. महोत्सवाच्या चहाच्या टेबलाभोवती हे वाक्य पडलं की कप बशीत ठेवले जायचे. मग हे सांगत. जगाची घड्याळं दुरुस्त करणारा आणि घरातल्या बायकोकडे मान वर करून न पाहणारा तो घड्याळजी. तिचं ते उठून निघून जाणं. आणि शेवटी तिचं परत येणं, खुर्चीत झोपलेल्या नवऱ्याच्या अंगावर घसरलेली शाल नीट घालणं. इथे साक्षीदारांचा आवाज दर वर्षी न चुकता भरून यायचा. कुणीतरी एकदा छापून आणलं, या सिनेमाचे शेवटचे साक्षीदार, आणि तेच त्यांचं नाव पडलं.

सिनेमा त्यांनी पाहिलाच नव्हता.

पाहिला होता चष्मेवालीने. ती नऊ-दहा वर्षांची असेल. भावंडांना गालगुंड झालेलं, म्हणून वडिलांनी तिला एकटीलाच नेलं. एरवी घरात बापाचा वाटा सगळ्या भावंडांत मिळून असायचा, तो त्या दुपारी अख्खा तिचा होता. वडील बोलभांड, बसच्या कंडक्टरशीही नातं काढणारे. पण सिनेमा सुटल्यावर घरापर्यंत एक अक्षर बोलले नाहीत. दाराशी आल्यावर चपला काढता काढता एवढंच म्हणाले, "ती छत्रीसाठीच आली होती बरं का. उगाच दुसरं काही समजू नकोस."

त्या वयात तिला ते कळलं नव्हतं. पण वडील गेल्यावर भावंडांनी त्यांच्या वस्तू वाटून घेतल्या तेव्हा, मला काही नको, माझं माझ्याकडे आहे, असं ती म्हणाली होती.

लग्नानंतर पहिल्याच वर्षी, रविवारच्या एका दुपारी, तिने हा सिनेमा नवऱ्याला सांगितला. मन लावून, उठून बसून, हातवारे करून. बायको उठते, रिकाम्या हातांनी दाराबाहेर पडते. मग परत येते. नवरा अजून झोपलेलाच. शाल घसरलीय. ती शाल नीट करते... आणि इथे तिने पाहिलं, तर ऐकणारा घोरत होता. तोंड उघडं, एक हात पलंगाखाली लोंबकळत. तिने उरलेलं गिळलं आणि चहा टाकायला उठली. पुढे ती खुंटीवरची छत्री घेते, दार उघडंच टाकते आणि रस्त्याच्या टोकाला दिसेनाशी होते, हे साक्षीदारांच्या कानापर्यंत कधी पोचलंच नाही. त्यांच्या लेखी ती आली, शाल घातली आणि राहिली.

काही महिन्यांनी त्यांचे मित्र घरी आले. ट्रे घेऊन ती दारापर्यंत आली तर आतून नवऱ्याचा आवाज येत होता, "मी पाहिलाय ना तो. मामाच्या गावी." तिचे शब्द, तिचे हातवारे. तिने कप मांडले आणि मिठाची गुळणी धरली. नवीन लग्न होतं, चारचौघांत नवऱ्याचं पितळ काय उघडं पाडायचं. पुढे मित्र वाढले, टेबलं वाढली, आणि गप्प राहण्याचीही एक सवय जडून जाते. फक्त नवरा महोत्सवाला निघाला की ती त्याची बसायची उशी हातात देऊन म्हणायची, "घ्या. झोप लागली तर डोक्याखाली होईल." त्यांना वाटायचं, बायको काळजी करते.

आणि गेल्या वर्षी सिनेमा सापडला. एका बंद पडलेल्या लॅबच्या माळ्यावर डबे निघाले. सगळी रिळं बरी होती, शेवटचं मात्र नाही. त्यातल्या जोडांचा गोंद वाळून गेलेला, डबा उघडला तर नुसते सुटे तुकडे. कुठला आधी, कुठला नंतर, सांगायला कागद नाही, आणि त्या भागात कुणी बोलतही नाही की त्यावरून लावावं. महोत्सवाच्या संचालकबाईंनी कपाळाला हात लावला आणि मग त्यांना आठवलं, अहो, आपल्याकडे साक्षीदार आहेत की.

साक्षीदार लॅबमध्ये गेले. तिथे त्यांना फिरती खुर्ची दिली, पुढ्यात पडदा दिला, काळी कॉफी दिली. घरी येऊन ते रोज सगळं रंगवून सांगत, कारण सांगितल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे. बाई छत्री घेऊन रस्त्याने जातेय, हा तुकडा जाण्याचा, तो आधी. बाई दारातून आत येतेय, हा येण्याचा, तो नंतर. शाल शेवटी. एकदा म्हणाले, ती रिकाम्या हातांनी बाहेर पडतेय असाही एक तुकडा निघाला, तो कुठेच बसेना, जास्तीचा असणार, काढून ठेवला बाजूला.

चष्मेवालीचा घास हातातच राहिला. घड्याळ जोडल्यावर एक चाक उरलं, तर कुठलाही घड्याळजी घड्याळ पुन्हा उघडतो. या शहाण्यांनी चाक बरणीत टाकलं आणि वर झाकण लावलं. ती म्हणाली, "छत्री घेऊन जाते आणि हात हलवत परत येते, होय? मग छत्रीचं काय झालं?"

साक्षीदार हसले. "तुला नाही कळायचं. कलाकृती आहे ती."

त्याच क्षणी तिने ठरवलं, जायचं.

थिएटर गच्च भरलं होतं. ती मागच्या रांगेत भिंतीला टेकून बसली, मांडीवर नवऱ्याची उशी. राखीव खुर्ची गादीची होती, म्हणून उशी तिच्याकडे आलेली. आजूबाजूला तिनेच नाकावर बसवलेल्या चार-पाच फ्रेमा होत्या, एकीची डावी काडी पुन्हा सैल झाली होती. आधी पडद्यावर नावं आली. अखेरच्या भागाची मांडणी, प्रत्यक्षदर्शीच्या स्मृतीनुसार, आणि खाली नवऱ्याचं नाव. टाळ्या पडल्या.

मग सिनेमा सुरू झाला आणि ती सगळं विसरली. घड्याळजीचं ते दुकान, भिंतीवरचे लंबक, बायकोची बारीक वेणी, सगळं तिच्याजवळ होतं अगदी तसंच. एका ठिकाणी वडील हसले होते, तिथे तिला शेजारी हसू ऐकू आल्यासारखं झालं. कितीतरी वेळ ती उशी घट्ट धरून बसली होती.

मग शेवट आला. बाई खुंटीवरची छत्री घेऊन निघाली. रस्त्याच्या टोकाला दिसेनाशी झाली. आणि लगेच, हात रिकामे, दारातून आत. शाल. झोपलेला नवरा. संपलं.

थिएटर उठून उभं राहिलं. चष्मेवाली बसूनच राहिली.

मंचावर संचालकबाई आणि साक्षीदार. पहिलाच प्रश्न एका बापड्या म्हाताऱ्याने विचारला, ती छत्री कुठे गेली हो? मागे थोडं हसणं झालं. एक दाढीवाला अभ्यासक उठला आणि माइक हातात घेऊन त्याने समजावलं, की छत्री म्हणजे तिचा अहंकार, तो ती जगाच्या रस्त्यावर सोडून येते, दिग्दर्शकाने सोडण्याचं दृश्य मुद्दाम दाखवलेलं नाही, त्यातच सारं आहे. शेजारच्या फ्रेमवाल्याने "वा" म्हटलं आणि वहीत लिहून घेतलं. पडद्यावर उद्या चुकून एखादी खुर्ची उलटी दिसली असती, तर या माणसाने तिच्यातूनही मोक्ष काढला असता.

संचालकबाईंनी साक्षीदारांकडे पाहिलं. "तुम्ही लहानपणी पाहिलात, तेव्हा काय वाटलं होतं?"

"अगदी हेच," साक्षीदार म्हणाले. आवाज वेळेवर भरून आला. "मामाला विचारलं मी, छत्री कुठे गेली. मामा म्हणाला, मोठा झालास की कळेल."

नसलेल्या मामालाही टाळ्या मिळाल्या. टाळ्या वाजत असताना साक्षीदारांची नजर शेवटच्या रांगेत गेली. तिथे एक बाई टाळ्या न वाजवता त्यांच्याकडे बघत होती. नाकावर चुकीचा नंबर घालून आलेल्या गिऱ्हाइकाकडे बघावं तशी.

बाहेरच्या दालनात लोकांनी त्यांना घेरलं. कुणी हात हातात घेतला, कुणी सही मागितली. संचालकबाईंनी चष्मेवालीलाही ओढून पुढे घेतलं. काकू, तुम्ही किती भाग्यवान, घरबसल्या हा सिनेमा ऐकत आलात, असं म्हणून त्या दुसऱ्या कुणाकडे तरी वळल्या. चष्मेवाली म्हणाली, "हो, मी ऐकतेच आलेय."

साक्षीदार हळूच गर्दीतून सुटले, तिच्याजवळ आले. चेहऱ्यावर अजून मंचावरचं हसू होतं, पण ते नीट बसत नव्हतं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, कुणी ऐकत नाही याची खात्री केली. इतक्या वर्षांत जे एकदाही तोंडातून निघालं नव्हतं, ते आता अगदी पुटपुटल्यासारखं निघालं.

"तू त्या दिवशी मला सांगितलास ना... तेव्हा शेवट असाच होता ना गं?"

तिने त्यांच्याकडे पाहिलं. मागून कुणीतरी, साहेब, एक फोटो, अशी हाक मारली आणि साक्षीदारांनी सवयीने अर्धी मान वळवली, मग पुन्हा तिच्याकडे आणली.

"सांग ना. मला... मला तेव्हा झोप लागली होती का?"

चष्मेवालीने काखेतली उशी काढली, एकदा झटकली, त्यांच्या दोन्ही हातांत दिली. पर्सचा पट्टा खांद्यावर नीट केला. आणि थिएटरचं काचेचं दार ढकलून ती बाहेर पडली.