पवनेच्या पाण्यावर लांब दांडीची मोटर

आमच्या शिडाच्या होडीला मोटर लावायची ठरली ती बायकोमुळे. दोन वर्षांपूर्वी तिकोना किल्ल्यासमोर वारा पडला आणि आम्ही दोघं पवना धरणात अंधार होईपर्यंत अडकलो. वल्ही मारत किनारा गाठला, पण त्यानंतर शैला होडीत बसली नाही. दर वेळी सोबत येते, किनाऱ्यावर सतरंजी टाकते आणि मी परतेपर्यंत पाण्याकडे बघत राहते. तिची पुढची जागा रिकामी असली की चांगला वारासुद्धा फुकट जातो.

पुण्याच्या दुकानात पेट्रोलच्या मोटरी होत्या. पण धरणाचं पाणी लोक पितात, म्हणून बॅटरीवरची पाहिली. बॅटरीसकट जुन्या स्कूटरएवढा खर्च धरा. धरणात मोटर चालवायच्या परवानगीची चौकशी मात्र आधी करा.

"होडीत कोण कुठे बसतं?" दुकानदाराने विचारलं. पुढे वजन आलं की मागची बाजू उचलते आणि आखूड दांडीचा पंखा पाण्याबाहेर नुसता फिरतो.

"मी मागे, ही पुढे."

"मी नाही हो बसत," शैला म्हणाली.

"मग आखूड चालेल, साहेब."

"लांबच द्या," मी म्हणालो.

शैला भिंतीवरच्या लाइफ जॅकेटांकडे बघत राहिली.

रविवारी तुंगार्लीहून निघालो. कार्ल्याला हायवेवर मिसळ खाल्ली आणि कामशेतहून पवनानगरला वळलो. डोंगरातल्या खिंडीतून रस्ता जवळचा आहे, पण चढ-वळणांचा; सामान असेल तर कामशेतच बरं. शैलाने मोटर गोधडीत गुंडाळून मांडीवर घेतली होती.

"लेकरू आहे का ते?"

"मागे आपटली असती तर तुम्हीच बोंबलला असता."

होडी धरणाकाठी तिकोना पेठेत, ओळखीच्या दगडूआबांच्या अंगणात असते. मोटर बघून आबा म्हणाले, "शिडाच्या नावंला मोटर? बैलाला सायकल दिली व्हय रं?"

"वारा रुसला तर असावी, आबा."

"कोन रुसलंय त्ये ठावं हाय मला."

शैला हसली. ती हसली की मी कामाला लागतो. लोखंडी गेट बनवण्यात माझी हयात गेली, त्यामुळे कसायचं कसं ते कळतं. होडीच्या मागच्या फळीला आतबाहेर सागाचे तुकडे दिले, मोटर आवळली, वर दोरीनेही बांधली; स्क्रू ढिले झाले तरी ती तळाला जाऊ नये. बॅटरी डोलकाठीपाशी ठेवली.

होडी पाण्यावर नेली. वारा अजिबात नव्हता. मला हवा होता तसाच दिवस.

"बस की पोरी," आबा म्हणाले.

"आज नको. आबा, तुम्हीच बसा."

आबा पुढे बसले. मागची बाजू उचलली, पण पंखा पाण्यातच राहिला. दुकानदाराचं गणित बरोबर निघालं, फक्त जिने बसायचं ते माणूस किनाऱ्यावर होतं. जिथे अडकलो होतो तिथवर जाऊन वळलो. शैला चपला हातात घेऊन घोटाभर पाण्यात उभी होती. आम्ही काठाला लागेपर्यंत ती तशीच उभी होती.

परतीच्या वाटेवर मला वाटलं, मोटर लावून वाऱ्याची सोय झाली. भीतीची सोय दुकानात मिळत नाही.

घरी पोचल्यावर तिने विचारलं, "आबा घाबरले नाहीत?"

"घाबरले असतील. होडीचा काठ धरून बसले होते."

"कसा?"

मी पलंगाच्या कडेवर बसून दाखवलं. ती शेजारी बसली आणि दोन्ही हातांनी कड धरली.

"असा?"

"थोडी पुढे सरक," मी म्हणालो.

ती सरकली.